चंद्रकांताबायची तारली

समुद्र तापल्याची बातमी दांडी गावच्या चंद्रकांताबायला नवऱ्याच्या जाळ्यातून कळली. वामनच्या जाळ्यात बोंबील दिसेनासे झाले आणि तारली भरभरून येऊ लागली. पाणी गरम झालं, बोंबील गारव्याला लांब गेला, दक्षिणेची तारली वर सरकली, असं मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत कुणी साहेब सांगून गेले.

"बोंबलाचं बरं हाय," चंद्रकांता म्हणाली, "उठला नि गेला. आमी कुठं जायाचं?"

तिला घोर होता तो बोईसरच्या बाजारातल्या जागेचा. ती जागा सासूकडून आलेली. तिथला कायदा असा, की जिची मालाची पाटी रोज लागेल तिचीच जागा. शेजारी प्लास्टिकचे डबे विकणारी हेतल टपूनच होती. चंद्रकांतानं एक दिवस दांडी मारली, तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर बादल्यांचा मनोरा उभा!

तारली वाळवून विकू, असं तिनं ठरवलं. वाळवणाच्या बांबूच्या वलांडीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं टांगतात. तारलीला तेवढा जबडा कुठला? एकही जोडी टिकेना. मग हिनं शेपट्यांना सुतळी बांधली. उन्हात मासळीचं तेल टपटप गळू लागलं, आळीनं नाकाला पदर लावला आणि मांजरं सहकुटुंब जेवायला आली.

वामन पोट धरून हसला. "अगो, पत्रिका जुळत नाय, तर लग्नं कशाला लावतेस?"

"हसा! उद्या पाटीत काय तुमचं हसू भरून नेऊ?"

दुसऱ्या दिवशी तिनं पाटीत ताजी तारली भरली. सोबत चिंच-मिरची लावून तळलेले तुकडे डब्यात घेतले आणि बोईसरचा बाजार गाठला.

"मावशी, हे तर कोंबडीचं खाद्य!" हेतल म्हणाली. "जागा मला द्या, तुम्ही आराम करा."

"आराम बोंबील करतोय. मी नाय."

कारखान्यातली पाळी संपवून आलेला एक कामगार थांबला. "ये कौन सी मछली है?"

"खाके बोल."

त्यानं खाल्लं. "काँटा बहुत है."

"मग सावकाश खा. कारखान्यात काय कमी पळतोस?"

तो हसला, पिशवीभर घेऊन गेला. त्याच्यामागून आणखी दोघं-चौघं आले. बोंबलाची जुनी गिऱ्हाइकं मात्र नाकं मुरडून पुढे गेली. दिवस कलला तरी अर्धी पाटी शिल्लकच होती.

"उद्या काय आणणार, मावशी?" हेतलनं खवचटपणे विचारलं.

"ते समुद्राला विचार," चंद्रकांतानं माशांवर बर्फ पसरला. "इथं बसणार कोण, ते मला विचार."

आणि तिनं बाजार दणाणेल अशी हाळी दिली, "तारली घ्या, तारली!"