पहिल्या नंबरची सोमारी

माझी वहिनी सोमारी हिले उशीर माहीत नाई. मोहाफुलं वेचाले जंगलात पहिली ती, तेंदूपत्ता मोजून घेतात त्या फडीवर पुडे घेऊन पहिली ती, रेशनच्या लायनीत पहिली ती. मी कमळा, तिची नणंद. बाजूच्याच घरात राह्यते. तिच्या चुलीचा धूर रोज माझ्या आधी निघते अन् मी जळते. गावात तिले पहिल्या नंबरची सोमारीच म्हणतात.

तिची पोरगी नंदिनी दहावी पास झाली. आमच्या गावातून पोंभुर्ण्याले कॉलेजच्या टायमावर गाडी नाई, मधात जंगल, अन् जंगलात वाघ. म्हून तिथल्या एका संस्थेच्या होस्टेलात जागा भेटली तरच शिक्षण, नाई तं घर. जागा थोड्या, पोरी लय. फारम ज्या नंबरनं द्यावा तोच पोरीचा नंबर, मंग सगळ्यांसमोर कम्प्युटर नंबर काढते. सोमारी अंधारातच निघाली अन् एक नंबर घेतला. तो निघाला नाई. पोरगी सालभर घरी बसली. यंदा सोमारी आणखीन लवकर गेली. परत एक नंबर.

होस्टेलचा बाबू मुखरू. असा गोड बोलते की मी पायातली चप्पल चाचपते. त्याची भाची मात्र आरामात आली, माणसं मोजत मोजत सातव्या नंबरवर उभी राह्यली. गेल्या साली त्याच्या साळ्याची पोरगीबी सातव्या नंबरवरच होती. सोमारीले म्हणे, "घाई काऊन करता बाई? मशीनीले पहिला-शेवटला सारखाच."

निकालाच्या दिवशी मीबी सोमारीसंग गेली. मुखरूनं कम्प्युटरले हळदकुंकू लावलं, नारळ फोडला अन् मंग मशीन चालू केली. तिथला रिवाजच तसा. मशीन आधीपासून चालू असली तं आतमधी काई करून ठेवलं म्हणून लोक शक घेतात. पहिला सात निघाला. मंग एकोणीस. मंग चार. तेवढ्यात लाईन गेली.

लाईन आल्यावर मशीन नव्यानं चालू केली. सात, एकोणीस, चार.

"पाहा, देवानंबी तेच सांगतलं," होस्टेलची मॅडम म्हणे. लोकांनी हात जोडले. सोमारीनं नाई जोडले. मशीन बसवणारा सुनिलभाऊ तिथीच होता. ती त्याले म्हणे, "भाऊ, बंद करून आणखीन एकदा चालू करा."

सात, एकोणीस, चार.

सुनिलभाऊचा चेहराच उतरला. "मशीन मनानं नंबर नाई काढत बाई," तो म्हणे. "सुरुवातीले एक आकडा धरते अन् त्याच्यावरून हिशोबानं बाकीचे काढते. तो सुरुवातीचा आकडा दरवेळी बदलाले पायजे होता. मी ते टाकलंच नाई. म्हून नवी चालू केली की तेच नंबर."

"अन् एक नंबर?"

त्यानं शेवटपर्यंत काढून पाह्यलं. जागा संपल्यावर, पार बुडाशी एक होता.

"म्हंजे गेल्या साली बी?"

"हो बाई. गेल्या साली बी."

"हे आणखीन कोणाले माहीत होतं?" मी विचारलं. सुनिलभाऊनं मुखरूकडे पाह्यलं. मशीन बसवून तपासत होते तवा मुखरूच रोज बाजूले खुर्ची टाकून नंबर पाहात बसत होता. आता खाली पाहून नारळाचे तुकडे गोळा करून राह्यला होता. मी त्याले म्हटलं, "सात नंबर तुह्या खानदानाच्या नावानं करून ठेवला का रे, नालायका?" बाकीचं जे बोलली ते इथी सांगता येत नाई.

मॅडमनं निकाल रद्द केला. नव्यानं चिठ्ठ्या केल्या, टोपल्यात टाकल्या, हलवल्या. एकेक चिठ्ठी निघत गेली अन् जागा संपल्या. नंदिनीची निघाली नाई.

मले रागानं रडू आलं. सोमारी रडली नाई. म्हणे, "आज नाई आलं तं नाई आलं. आज येऊ तरी शकत होतं. गेल्या साली आमाले नुसतं खेळवलं."

तरी तो बेशरम मुखरू जवळ आला. "पुढल्या साली लवकर या, बाई."

सोमारीनं टोपल्यात हात घातला, नंदिनीच्या नावाची चिठ्ठी शोधली अन् त्याच्या हातावर ठेवली. "गेलं साल तू खाल्लं," ती म्हणे. "हेबी खा."

अन् त्यानं चिठ्ठी तोंडात घालेपर्यंत सोमारी तिथून हालली नाई.