घमेलं ओढ गो

नकला करायची खोड मला लहानपणापासून. मास्तर वर्गात शिरायच्या आधी त्यांचा खोकला शिरायचा, तो माझ्या तोंडून. एस्टीचा कंडक्टर, मासेवाली, शेजारची चिडकी मांजर, सगळी माझ्या नरड्यात दाटीवाटीने राहायची. त्यामुळे कॉलेजातल्या एका सरांनी विहिरी साफ करायला सात पोरांची टोळी जमवली तेव्हा मला घेतलं ते कामासाठी नव्हे, करमणुकीसाठी असणार. माझे दंड बघून तरी कोणी घेतलं नसतं.

रत्नागिरीत तेव्हा घरोघर नळ येत होते, आणि नळ आला की त्या घराच्या विहिरीची कचराकुंडी व्हायची. सर म्हणायचे, "नळ कोरडा पडेल त्या दिवशी कुठे जाल रे?" हे ते इतक्यांदा म्हणायचे की त्यांच्या आधी मीच म्हणून टाकायचो, त्यांच्याच आवाजात.

मे महिन्यात आम्ही मांडवीकडे उतरणाऱ्या पाखाडीवरच्या, म्हणजे दगडी उताराच्या वाटेवरच्या, एका काकींची विहीर धरली. काकी साठीच्या पुढच्या, घरात एकट्या. ही विहीर त्यांच्या यजमानांनी स्वतः खोदलेली, जांभ्यात, तीन उन्हाळे लावून. ते गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. आता मुंबईच्या मुलाचं पत्र आलं होतं: विहीर बुजव, त्या जागेवर भाड्याच्या दोन खोल्या काढू. रविवारी डबराचा ट्रक यायचा होता. काकींनी सरांना एवढंच सांगितलं की रविवारच्या आत तळाला झरा दाखवा, मी मुलाला नाही म्हणून कळवते. झरा नाही तर डबर.

मी बारीक, म्हणून मला खाली उतरवलं. वर दोघे दोरीवर, बाकीचे गाळ वाहून टाकायला. मी घमेल्यात गाळ भरायचा, हाक मारायची, त्यांनी ओढायचं. गाळातून काय काय निघालं. रॉकेलचे डबे, सायकलची चेन, फुटकी कौलं, एक कवळी. वरची. खालची शोधली, नाही मिळाली. ती कवळी हातात धरून मी हेडमास्तरांचं भाषण केलं तर वरचे दोघे हसून दोरी सोडायला आले.

शुक्रवारी दुपारी वरचे सगळे सरबत प्यायला गेले. मला काही बोलले नाहीत. मी आपला घमेलं भरून हाका मारतोय. उत्तर नाही. वर आभाळाचा ताटाएवढा तुकडा आणि खाली मी. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि तिथे माझ्या पोटऱ्या गारठलेल्या. कंटाळून मी आवाजांशी खेळायला लागलो. विहिरीत आवाज घुमून जाड होऊन परत येतो. मी तो जाडपणा घशात उतरवून बघितला. खाली, आणखी खाली, छातीच्याही खाली. एक आवाज लागला. तो कोणाचाच नव्हता. म्हणजे माझ्या ओळखीच्या कोणाचा नव्हता. त्या आवाजात मी म्हटलं, "घमेलं ओढ गो. भरलं."

गो का म्हटलं, ठाऊक नाही. वर दोन बाप्येच असायचे.

घमेलं उचललं गेलं. हळूहळू, थांबत थांबत वर गेलं. रिकामं होऊन खाली आलं. मला वाटलं, आले वाटतं सरबत पिऊन. मी भरलं, तसंच म्हटलं, गेलं. असं बराच वेळ. मग माझ्या लक्षात आलं की वरून कोणी हसत नाही.

मी पायऱ्या धरून वर आलो. दोरीवर काकी होत्या. पदर खोचलेला, तळहात सोललेले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्यामागे विहिरीत बघितलं आणि विचारलं, "अजून किती रे काढायचंय त्यांना?"

मी म्हटलं, काकी, तो मीच, नकला करतो ना मी. त्यांनी शांतपणे विचारलं की हा आवाज कोणाकडून उचललास. कोणाकडून सांगू? पाळण्यातून?

शनिवारी तळाचा कातळ लागला. झरा नाही. सर पार खचले, पायरीवर बसून राहिले. दोरीवरचा माझा दांडगा दोस्त मला बाजूला घेऊन म्हणाला, "मेल्या, रेडिओसारखा फुकट बडबडतोस ना दिवसभर? आज एकदा कामाचं बोल." कालचं मी फक्त त्याला सांगितलं होतं; सरांना यातलं काही माहीत नव्हतं. मी उतरलो. काकी काठाशी आहेत एवढं बघून घेतलं. तो आवाज लावला. अगदी तसाच लागला, माझे कान काही मला फसवत नाहीत. आणि म्हटलं, "विहीर बुजवू नको गो."

मग काकींचं डोकं त्या ताटाएवढ्या उजेडात आलं.

"हा तू आहेस," त्या म्हणाल्या. "काल ते होते."

रागावल्या नव्हत्या. तांदळातला खडा वेचून बाजूला ठेवावा तसं म्हणाल्या. मी वर कसा आलो ते मला आठवत नाही, गुडघे मात्र दोन्ही फुटले होते.

रविवारी सकाळी ट्रक आला. आम्ही सगळे अंगणाभोवतीच्या गडग्याशी उभे, मयताला आल्यासारखे. काकी बाहेर आल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, परत ने. तो म्हणाला, मुंबईहून निरोप आहे. काकी म्हणाल्या, "त्याच्या बापाचं काम चाललंय खाली. ते संपल्याशिवाय बुजवू कशी?"

ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं, आम्ही सरांकडे. सरांना वाटलं, काकी आमच्या कामाचंच मोठेपण सांगतायत. त्यांचे डोळे भरून आले. ट्रक मागे मागे जात पाखाडीच्या तोंडाशी वळला. विहीर वाचली. माझा दोस्त पाठीवर थाप मारून म्हणाला, बघ, लागू पडलं. कडेचा उरलेला गाळ काढायला मी दुसरं घमेलं घेऊन उतरायला निघालो, तसं काकींनी माझं मनगट धरलं.

"तू नको उतरू आता. त्यांना अडचण होते."

मग दोरीशी बसल्या आणि ओढायला लागल्या. सर म्हणाले, बसू दे त्यांना, उद्या बोलू. आम्ही निघालो. पाखाडीवरून मी मागे वळून बघितलं. दोरी ताठ होती. काकी मागे रेलून, पाय रोवून ओढत होत्या, आपण जड काही ओढतो तशा. दोस्त म्हणाला, घमेलं गाळात रुतलं असेल.

असेल. मी आपली टोळी मोजली. सातही जण पाखाडीवर होतो.