दाराला बांधलेला कडुलिंब

मला कोणाच्या तोंडावर नाही म्हणता येत नाही. शाळेत उत्तर येत असूनही मी मान खाली घालून उभी राहायची. चौथीनंतरची शाळा लांब होती. बाबांनी विचारलं, जायचं का? मी गप्प राहिले, त्यांनी त्याचा अर्थ नाही असा घेतला, आणि शाळा सुटली. लोक याला गरीब स्वभाव म्हणतात. मीही बरीच वर्षं तसंच समजत होते.

माझी मुलगी दीड महिन्याची असताना तिला पहिलं इंजेक्शन दिलं. मांडी सुजली, ताप आला, दोन दिवस ती किरकिरत होती. असं होतं आणि उतरतं हे सिस्टरने आधीच सांगितलं होतं, आणि उतरलंही. पण सासूबाईंनी ठरवलं, आता पुरे. त्यांच्या भावाने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता, या सुईने मुलींना पुढे लेकरं होत नाहीत असा. तो त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. माझा नवरा कळमेश्वरला कारखान्यात जातो. त्याला विचारलं तर म्हणाला, "आईले विचार."

गावातल्या आशाताई दर महिन्याला लसीच्या लेकरांची यादी घेऊन यायच्या. मी कधी सांगायची, मुलगी मामाकडे गेली. कधी, सर्दी आहे. एकदा तिला तांदळाच्या पोत्यामागे बसवून तोंडात गुळाचा खडा दिला. मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा आशाताई म्हणाल्या, "गोवराची सुई राहिली वं हिची. मंगळवारी मी सिस्टरलेच घेऊन येतो. पाहू मंग कुठं लपवतं."

त्या मंगळवारी सकाळी मी कडुलिंबाचा डहाळा तोडून दाराला बांधला. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, माझ्याच डोक्यातून निघालं. आमच्याकडे गोवर आला की माता आली म्हणतात. मग दाराला कडुलिंब लागतो, घरात फोडणी पडत नाही, बाहेरचं माणूस उंबरा ओलांडत नाही, घरातलं माणूस गाव सोडत नाही, आणि औषधाचं नाव कोणी काढत नाही. डहाळा पाहिला की लोक विचारायचे थांबतात. मला बोलावं लागणार नव्हतं, एवढंच मी पाहिलं.

सिस्टर अंगणात थांबल्या. "माता आली का? मंग तं मले लेकरू पाहाच लागते. नोंद करा लागते."

मी खाली पाहत राहिले. सासूबाई आतून आल्या. "मातेच्या घरात सुई घेऊन शिरतं का वं? तुह्या घरी देवधर्म आहे का नाही?"

सिस्टर आणि आशाताई, दोघी गेल्या. सासूबाई हसत हसत खाटेवर बसल्या. "डोकं आहे वं तुले! मी समजत होतो नुसती गाय आणली घरात." लग्नानंतर त्यांनी केलेलं माझं ते पहिलं कौतुक. मला फार बरं वाटलं.

धाकटी जाऊ हसली नाही. ती खापरखेड्याची, बारावी शिकलेली. तिचा मुलगा तेव्हा सहा महिन्यांचा होता, गोरा आणि गुबगुबीत. त्याचं प्रत्येक इंजेक्शन ती ज्या त्या दिवशी देऊन आणायची. सासूबाई म्हणायच्या, "लेकराची चाळणी करून टाकली." ती ऐकून घ्यायची, आणि पुढच्या तारखेला पुन्हा जायची. त्या दिवशी ती मला म्हणाली, "बाई, उद्या खरंच गोवर आला तं?"

मी तोंडाला पदर लावून हसले.

महिनाभराने मुलीला ताप भरला. डोळे लाल झाले, नाक वाहू लागलं, आणि चौथ्या दिवशी कानामागून पुरळ उतरून तोंडभर पसरलं. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "खोट्यानं बोलावली तू तिले. आता खरी आली. आता सोसा." म्हणजे आता प्रायश्चित्त. डॉक्टरचं नाव नाही, गोळी नाही. मुलीला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं. सकाळ-संध्याकाळ घरातल्या सगळ्यांनी तिच्या पाया पडायचं, कारण आता ती मुलगी नव्हती, माता होती. सासूबाई जावेच्या मुलालाही तिच्या अंगाशी नेऊन डोकं टेकवायला लावत. मुलगी खोकायची ती त्याच्या तोंडावर.

जाऊ मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "बाई, मी याले घेऊन माहेरी जातो. याची गोवराची सुई नवव्या महिन्यात आहे, अजून झालीच नाही. सासूबाई मले सोडत नाही, माता घरात बसली आहे म्हणते. तुम्ही एकदा म्हणा, जाऊ द्या. माता तुमच्या पोरीच्या अंगावर आहे, तुमचं ऐकतीन."

हे मला कोणापुढे बोलता येणार नाही, म्हणून इथे लिहिते. मी गप्प राहिले. घरात सगळ्यांना वाटलं, हिचा स्वभावच तसा. पण तेव्हा मला भीड वाटत नव्हती. शब्द तोंडात तयार होते. माझी मुलगी आत तापाने फणफणत होती, आणि मला वाटलं, हिचं लेकरू का सुटावं?

"बोला ना, बाई," जाऊ म्हणाली. मी भाकरी थापत राहिले.

माझी मुलगी वाचली. तिच्या कानातून पू वाहायला लागला. सासूबाईंनी लसणाचं कोमट तेल सोडलं. मुलगी पाल्यावरून उठली त्याच आठवड्यात जावेच्या मुलाला ताप आला. पुरळ दिसायच्या आधीच त्याचा श्वास वाढला, फासळ्या आत ओढल्या जाऊ लागल्या. सासूबाई पुन्हा पाला आणायला निघाल्या. जावेने कोणाला विचारलं नाही. मुलाला टॉवेलमध्ये गुंडाळून ती चपला न घालता रस्त्यावर गेली आणि ऑटोत बसली. सासूबाई मागून ओरडल्या, "उंबरा ओलांडला तं परत येऊ नको!" त्या घरात एवढ्या मोठ्याने ओरडलेलं कोणीही मागे वळून पाहतं. तिने पाहिलं नाही.

सरकारी दवाखान्यात मी डबा घेऊन गेले तेव्हा एक तरुण डॉक्टर तिच्यावर चिडले होते. "शिकलेल्या दिसता. लस का नाही दिली?" तिने पर्समधून कार्ड काढून पुढे केलं. तोवरचे सगळे रकाने भरलेले होते. नऊ महिन्यांपासून पुढचे कोरे होते, कारण मुलगा सात महिन्यांचा होता. डॉक्टरांचा आवाज खाली आला. "मग घरात कोणाला गोवर झाला होता? त्याला लस होती?"

जाऊ म्हणाली, "या उभ्या आहेत ना दारात. यांनाच विचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी डबा खाली ठेवला आणि निघून आले.

चौथ्या दिवशी मुलगा गेला. न्यूमोनिया, असं कागदावर लिहिलं होतं. सासूबाई भेटायला येणाऱ्यांना सांगत, मातेला आवडला, तिने नेला. कोणी विचारलं की मग मोठ्या सुनेचं लेकरू कसं बचावलं, तर म्हणत, मातेची मर्जी. घरी परत आलेली जाऊ तिथेच भिंतीला टेकून ऐकत असायची. तिच्या छातीला तेव्हा दूध येत होतं. ब्लाऊज ओला व्हायचा, आणि ती तो बदलायचीही नाही.

मुलीला मी मग स्वतः नेऊन राहिलेली इंजेक्शनं देऊन आणली. आशाताईंनी कार्ड भरलं आणि एवढंच म्हणाल्या, "आता सापडला वं तुले अंगणवाडीचा रस्ता." मुलगी आता शाळेत जाते. उजव्या कानाने तिला काही ऐकू येत नाही, डाव्याने थोडं येतं. मागून हाक मारली तर वळत नाही. पोरं तिला बहिरी म्हणतात, दगड मारून बोलावतात.

चार वर्षांनी जावेला मुलगी झाली. पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी ती तयार होऊन माझ्या खोलीशी आली. "चला, बाई." तेव्हापासून दरवेळी तेच. ती दुसऱ्या कोणाला नेत नाही, नवऱ्यालाही नाही. अंगणवाडीत बसलो की लेकरू माझ्या मांडीवर देते. "तुम्ही धरा. पाय घट्ट धरा." आणि समोर बसून माझ्याकडे पाहत राहते.

गेल्या महिन्यात गोवराचं इंजेक्शन होतं. सिस्टरने सुई भरली. मी तोंड फिरवलं.

"इकडं पाहा," जाऊ म्हणाली.

मी पाहिलं. सुई दंडात गेली. लेकरू किंचाळलं. त्याने आईकडे हात केले. जावेने घेतलं नाही.

सिस्टर म्हणाल्या, "घे वं तिले, किती रडून राहिली."

"रडू द्या," जाऊ म्हणाली. "पहिल्याले शेवटी रडाचा आवाजच नव्हता. बाई, धरून ठेवा."

मी धरून बसले. सिस्टरने पुढचं नाव पुकारलं.