वरचा बंद फ्लॅट आणि दुपारचं रडणं

"वर कोणी राहत नाही, आणि वरून रोज दुपारी कोणीतरी रडतं," मनीषाबाई म्हणाल्या. त्या बाथरूमच्या दाराबाहेर उभ्या होत्या. आत पाऊल टाकायला तयार नव्हत्या.

त्यांचा नवरा, गुरव, माझ्या कानाशी लागला. "मुकादमभाई, फॉर्मॅलिटी म्हणून बघून घ्या. तिचं समाधान होईल. पुढच्या आठवड्याचं तिकीट काढलंय, रोह्याला पाठवतोय तिला. डोक्यावर परिणाम झालाय हो."

हे त्याने हळू सांगितलं असं त्याला वाटलं. बाईंनी सगळं ऐकलं होतं. फॅमिली व्हिसासाठी बिचारीने कितीतरी वर्षं वाट पाहिली होती. शारजात येऊन एक उन्हाळासुद्धा पुरा झाला नव्हता, आणि आता वेडी ठरून परत जायचं.

मी तेव्हा एका मेंटेनन्स कंपनीत सुपरवायझर होतो. नव्वदीच्या मधली वर्षं. मूळचा चिपळूणचा, त्यामुळे मराठी घराची कंप्लेंट आली की ऑफिस मलाच पिटाळायचं. या घरी आमची माणसं आधी येऊन गेली होती. एकाने एसीचं पाणी म्हटलं. दुसरा म्हणाला, गच्चीवरच्या टाकीचं आहे, म्हणून गरम. जुलैत इथे थंड पाण्याचा नळ सोडला तरी चटका बसतो, त्यामुळे गरम पाणी गळतंय याचं कोणाला नवल वाटलं नाही. रडण्याबद्दल कोणी काही लिहून घेतलं नाही. तो आमचा विषयच नव्हता म्हणे.

मी स्टुलावर चढलो. बाथरूमच्या फॉल्स सीलिंगचा पत्रा सरकवला. वरच्या स्लॅबला पाइपासाठी ठेवलेलं भोक असतं, तिथून थेंब पडत होते. भोवतीचा रंग फुगून लोंबत होता. आतून ओल्या भिंतीचा कोंदट वास आला.

आणि तेवढ्यात आवाज सुरू झाला.

आधी बारीक. मग वर चढत गेला, लांबला, थरथरला आणि मधेच तुटला. मग ठक, ठक, ठक. आतून कोणी तरी दार वाजवतंय असं. मग पुन्हा रडणं. बाई असावी, नाहीतर लहान मूल. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. इतकी वर्षं पाइपांमध्ये गेली माझी, पण सरळ सांगतो, मी घाबरलो.

गुरवचा चेहरा पांढराफटक पडला. "हे... हे रोज होतं?"

"रोज," बाई म्हणाल्या. "तुम्ही ऑफिसात असता तेव्हा. संध्याकाळी तुम्ही आलात की बंद."

त्या दिवशी गुरुवार होता, शुक्रवारच्या सुट्टीआधी गुरवच्या जबल अलीच्या ऑफिसला हाफ डे, आणि मी येणार म्हणून साहेब पहिल्यांदाच दुपारी थेट घरी आले होते. एरवी हा आवाज त्याने जन्मात ऐकला नसता.

मी वरच्या मजल्यावर गेलो. वॉचमन, इथे त्याला नातूर म्हणतात, जिन्यातच थांबला. म्हातारा पठाण, दांडगा माणूस, पण पुढे येईना.

"उधर मत जाओ साब. फॅमिली छुट्टी पे गया है. बंद फ्लॅट में कोई नहाता है."

"कौन नहाता है?"

"जो भी है, गरम पानी से नहाता है."

हसायला आलं, पण हसलो नाही. दाराला कुलूप. मी मूठ धरली. बाकी सगळ्या दारांच्या मुठी एसीने गार असतात, ही कोमट. दाराखालच्या फटीतून दमट वाफ पायाला लागत होती. दाराला कान लावला. आत पाणी टिपकत होतं, एका जागी नाही, घरभर. मग पुन्हा तो लांबलचक आवाज. मी हात मागे घेतला, हे खरं.

खाली आलो. बाईंना म्हटलं, "भाभी, मला सगळं नीट सांगा. पाणी कधी गळतं?"

"दिवसभर. बादली लावते मी."

"सकाळी लवकर पण गरमच?"

त्यांनी ओढणीखालचा हात पुढे केला. मनगटावर फोड फुटून साल निघालं होतं. "पहाटे बादली सरकवायला गेले. थेंब पडले."

"तव्यावर भाजलं ना ते?" गुरव म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "मला वाटलं, हिने मुद्दामच..."

"मी सांगितलं होतं पाण्याने भाजलं म्हणून," बाई म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तिथेच लख्ख प्रकाश पडला. टाकीचं पाणी दुपारी चटका देतं, पण पहाटे कोमट होतं. पहाटे फोड आणणारं पाणी टाकीचं नव्हे. ते उकळतंय. वर, कुलूपबंद घरात, कोणीतरी पाणी उकळतंय. आणि ते कोण, हे मला आता कळलं होतं. भुतापेक्षा त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बिल्डिंगच्या मॅनेजरला फोन लावला. केरळचा माणूस, घाईचा.

"सर, उपरवाले फ्लॅट का करंट काटना है. अभी."

"टेनंट इंडिया में है. फ्रीजर में मच्छी होगा. कंप्लेंट करेगा."

"सर, अंदर गीझर चालू है. फटा तो मच्छी भी जाएगा, छत भी जाएगा, और नीचे की औरत भी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "खलास. काटो. मैं चाबी लेके आता है. यल्ला, यल्ला, जल्दी!"

मीटर रूममध्ये जाऊन त्या फ्लॅटचा ब्रेकर पाडला. मनीषाबाईंना आणि गुरवला जिन्यात आणून बसवलं. आम्ही सगळे तिथे बसून ऐकत राहिलो. आवाज बराच वेळ चालू होता. मग हळूहळू उतरला, हुंदके देत देत, आणि थांबला. नातूर तोंडातल्या तोंडात कुराणातली आयत पुटपुटत होता. मीही पुटपुटलो.

मॅनेजर आला, दार उघडलं. आत हमामखाना झाला होता. पडदे ओढलेले, छतावर थेंब लटकलेले, वॉलपेपरची सालं निघून खाली आलेली, सोफ्यावर हिरवी बुरशी. बाथरूमचा आरसा वाफेने धूसर झाला होता आणि त्यावर बोटाने काढलेला एक चेहरा होता. दोन डोळे, हसरं तोंड. मॅनेजर "जीझस" म्हणाला आणि मागच्या मागे माझ्यावर आदळला. कधीतरी त्या घरातल्या पोराने अंघोळीनंतर काढला असणार. बोटाचं तेलकट काचेवर राहतं, वाफ धरली की उमटतं. हे मला माहीत आहे. तरी मी तो चेहरा टॉवेलने पुसला आणि मगच कामाला हात घातला.

गीझर बाथरूमच्या छतात होता. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की करंट तोडणारा भाग, चिकटून बसला होता. त्यामुळे पाणी उकळतच राहिलं. जादा दाब बाहेर सोडायला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो क्षाराने जाम होत आला होता, आणि जेवढी फट उरली होती तिच्यातून वाफ रडत बाहेर पडत होती, आणि उकळतं पाणी पाइपावरून ओघळत खालच्या बाथरूममध्ये गळत होतं. ठकठक म्हणजे पाइपात अडकलेली वाफ. दुपारी बिल्डिंगमध्ये कोणी नळ सोडत नाही, प्रेशर चढतं, आवाज होतो. संध्याकाळी, आणि शुक्रवारी सुट्टीमुळे दिवसभर, सगळे नळ सोडतात, प्रेशर उतरतं. रात्री नातूर पंपच बंद करायचा, म्हणून तेव्हाही आवाज नाही. ती फट बुजली असती तर पुढचं सांगायला नको.

पण जुलैत गीझर चालू कोणी केला? आखातात उन्हाळ्यात गीझर कोणी लावत नाही. उलट बंद गीझरच्या टाकीतलं पाणी घरातल्या एसीने जरा गार राहतं, म्हणून लोक अंघोळीला तेच घेतात. मॅनेजरने टेनंटला इंडियात फोन लावला.

"इम्पॉसिबल!" टेनंट तिकडून ओरडला. "टॅक्सी खाली हॉर्न देत होती, तरी निघताना मी घरभर फिरलो. फ्रीज सोडून एकूण एक बटण दाबून आलो!"

तेच तर. गीझरचं बटण आधीच बंद होतं. त्याचा लाल दिवा कधीचा गेलेला. घाईत यांनी ते दाबलं, म्हणजे चालू केलं, आणि विमानात जाऊन बसले.

मी खाली जाऊन गुरव नवराबायकोला सगळं समजावून सांगितलं. गुरव सुटल्यासारखा हसला. "बघ, मनीषा! गीझर होता. काही नव्हतं. मी तिकीट कॅन्सल करतो."

बाई बॅगेत साड्या भरत होत्या. हात थांबले नाहीत.

"राहू द्या. जाते मी."

"आता कशाला? कळलं ना काही नव्हतं ते."

"काही नव्हतं कसं? होतं की. मी सांगत होते तेच होतं."

गुरव उघड्या बॅगेशेजारी खाली बसला. मी स्टूल उचललं आणि निघालो. दोघांमध्ये बोलणारा मी कोण.

त्या गेल्या. मी सीलिंगला नवा पत्रा लावायला गेलो तेव्हा गुरव घरात एकटाच होता, आणि दुपारभर वर बघत बसला होता.

तेव्हापासून कुठल्याही लीकला गेलो की आधी विचारतो, दिवसभर घरात कोण असतं? मग बोलणं त्याच माणसाशी. नवरा मधे बोलायला लागला की त्याला सांगतो, साहेब, तोवर तुम्ही चहा टाका.