बार्बेक्यू विझलाय हे कसं ओळखायचं

बार्बेक्यू घ्यायचा असं आमच्या घरात ठरलं, त्या संध्याकाळी मी देवापुढे निरांजन लावत होते. बाहेरच्या खोलीत मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात एकाच मोबाइलवर वाकून बसले होते. चाकंवाला, पेटीसारखा मिटणारा, गॅसची नळी असलेला, असं काय काय एकमेकांना वाचून दाखवणं चाललं होतं. मी मनात म्हटलं, घेऊ देत. तळमजल्यावर राहतो, मागे आपल्या वाट्याचं अंगण आहे, पडेल कोपऱ्यात. पावसाळा आला की त्यात मी पुदिना लावीन.

मग मुलगा आतल्या दाराशी आला. "आई, त्यात पहिली काय करायची माहितीये? बाबांची पोपटी."

काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा मी ती टाकली.

पोपटी म्हणजे थंडीतला उद्योग. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. भांबुर्डा म्हणजे रस्त्याच्या कडेला आपोआप उगवणारं रानटी झुडूप, वास ओव्याच्या जवळपासचा. त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, वांगी, अंडी. वरून पुन्हा पाला कोंबून तोंड घट्ट बंद करायचं, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं, आणि भोवती काटक्या, पेंढा, सुक्या झावळ्या रचून पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. पाल्याच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. आमच्या ह्यांना ही विद्या ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातल्या सोबत्यांनी शिकवली. ते डोंबिवलीच्या पलीकडच्या गावांतले, शेतात पोपटी लावणारे. ह्यांनी ती नौपाड्यात आणून आमच्या अंगणात लावली, आणि मग दर थंडीत लावली. हे गेल्यावर मुलाने अंगणात फरशी घातली, सोसायटीने उघड्या जाळाला बंदी केली, आणि विषय संपला. म्हणजे त्या तिघांपुरता संपला.

आता घरात सांगायचं बंद केलेली गोष्ट इथे सांगते. तो धूर अजून येतो.

हे गेले त्यानंतरच्या पहिल्या थंडीत सुरू झालं. दिवेलागणीला मी मागच्या दारात तांदूळ निवडत बसले होते. आधी सुक्या झावळीचा वास आला, मग भांबुर्ड्याचा, आणि सगळ्यात शेवटी वालाची शेंग सालीसकट भाजताना येतो तो, किंचित गोडसर. मी उठून गॅस बंद केला. गॅस बंदच होता. पुढच्या वेळी आला तेव्हा वरच्या मजल्यावर जाऊन कोण काय जाळतंय ते विचारून आले. वरच्या बाईंनी मला चहा दिला आणि माझी पाठ वळताच मुलाला फोन केला. त्याच्या पुढच्या वेळी मी दोरीवरची उशीची खोळ काढून सुनेच्या नाकाशी धरली.

"कसला वास येतोय?"

"साबणाचा, आई." तिने पुन्हा हुंगली, अगदी मन लावून. हा तिचा मोठेपणा. "साबणाचाच."

मुलगा मला नाकाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, नाक उत्तम आहे. मुलाला बरं वाटायला हवं होतं, तर तो रिक्षात मोबाइलवर आणखी कुठले डॉक्टर शोधायला लागला. नाकाच्या पुढची तपासणी कशाची असते एवढं मलाही कळतं. त्या दिवसापासून मला कसलाही वास येत नाही. विचारा कुणालाही.

पहिल्या वर्षी भ्यायले, खोटं कशाला सांगू. दार लावून घ्यायचे, तर धूर दाराच्या फटीतून आत यायचा. एकदा मी दार लावलंच नाही. बसून राहिले. अंगणात कोणी नव्हतं. कधीच कोणी नसतं. पण कुणीतरी उकिडवं बसून जाळात काटकी सारतंय, अशी एक जागा तिथे असते, आणि त्या जागेवरून मी चालत नाही. फरशी पुसायला येणाऱ्या बाईंनाही मी तेवढी फरशी सोडून पुसायला लावते. सांगते, तिथली हलतेय.

ह्यांचा चष्मा माझ्या कपाटात आहे, घड्याळ आहे, एक स्वेटर आहे. ते सगळं ठेवलं तिथे पडून असतं. मी काढलं तर निघतं. आपणहून येतं असं ह्यांचं माझ्याकडे एवढंच आहे. आणि आता त्याच अंगणात, त्याच पाल्याचा, त्याच शेंगांचा खरा धूर करणार म्हणे. खरा धूर भिंतीत मुरतो, पडद्यात राहतो. मग पुढच्या वेळी जो येईल तो कुठला, हे मी कशावरून ओळखणार होते?

नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी माझा जुना मार्ग धरला. हो म्हणायचं, आणि नावं ठेवत सुटायचं.

गॅसचा दाखवला. मी म्हटलं, गॅसवरच भाजायचं तर आतली शेगडी काय माहेरी गेलीय? मिटणाऱ्या पेटीत मडकं मावत नव्हतं. विजेचा दाखवला तेव्हा सून म्हणाली, "ह्याला धूरच नाही, आई," आणि मी कान टवकारले.

"हा चांगला आहे. सुटसुटीत," मी म्हटलं.

"आजी, विजेवर पोपटी?" नात म्हणाली. "आजोबा हसले असते."

असतेच हसले.

"तुला बार्बेक्यू नकोच आहे ना?" ती माझ्याकडे बघत म्हणाली.

"मला का नको असेल? शेंगा आवडतात मला."

"आता आवडतात. पहिल्या पोपटीत तू काय केलेलंस ते आजोबांनी सांगितलंय मला. तांब्या."

हे ह्यांचं असंच. जाताना सगळा मालमसाला नातीच्या हवाली करून गेले.

तर तांब्या. लग्न होऊन डोंबिवलीहून ठाण्याला आलेली एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली, आणि ती पदवी कुंकवाच्या वर लावून हिंडणारी. रुमालाला अत्तर लावायची. चुलीचा, बंबाचा, कसलाही धूर दिसला की तो रुमाल नाकाला लावून अशी चालायची, जणू हिचं बालपण गुलाबपाण्याच्या हौदात गेलं. पहिल्या थंडीत हे मडकं भरून पेंढा आणायला गेले. बाईसाहेबांनी मडक्यात डोकावून पाहिलं, तर पाणी नाही. पाणी नसलं तर वस्तू शिजत नाही, करपते, हे हिला प्रात्यक्षिकासकट ठाऊक होतं. नवऱ्याच्या अज्ञानाची कीव येऊन तिने पाला हळूच बाजूला सारला, तांब्याभर पाणी आत ओतलं आणि पाला होता तसा लावून ठेवला. मडकं उपडं ठेवायचंय एवढं मात्र प्रयोगशाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

ह्यांनी मडकं उपडं केलं, पेंढा रचला, काडी लावली. पाण्याने पाल्यातून वाट काढत पेंढा भिजवला, आणि मग जो धूर झाला तो मी जन्मात पाहिला नाही. अंगण पांढरं झालं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी बादल्या आणा म्हणून हाका मारायला लागलं. अत्तराचा रुमाल कुठे पडला ते समजलंच नाही. मी डोळे चोळत भिंत चाचपडत उभी, आणि धुरात हे दिसत नव्हते. नुसतं हसणं ऐकू येत होतं. खोकत खोकत हसत होते. "मडकं रडतंय का गं?" असं विचारत होते.

हल्ली धूर येतो, तेव्हा मी कान देऊन बसते. हसणं येत नाही.

त्यानंतर ह्यांनी मडकं पुन्हा कोरडं करून लावलं. मी चिडून विचारलं, "उपडं घालून ठेवलंय, आत झालं की नाही हे कळणार कसं?" ह्यांनी त्याच तांब्यात बोटं बुडवून मडक्यावर पाणी शिंपडलं. थेंब तिथेच ओघळून बसले.

"थेंब बसला, म्हणजे अजून व्हायचंय. गप बसायचं," हे म्हणाले. थोड्या वेळाने परत शिंपडलं. चर्र झालं आणि थेंब नाहीसे. "हे झालं. बघ, तुझं पाणी लागलं की नाही कामाला?"

तेव्हापासून दर थंडीत जाळ त्यांचा आणि पाणी माझं. ते काम मी कुणाला करू दिलं नाही. हेही नातीला माहीत असणार.

शेवटी रविवारी मुलाने मला गाडीत घातलं. "तूच पसंत कर," म्हणाला. वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात नुसते बार्बेक्यूच मांडून ठेवले होते. ह्यांचा कारखाना त्याच रस्त्यावर होता. आता तिथे काचांची इमारत आहे. तिच्यासमोरून जाताना मी दुसरीकडे बघते, कारण त्या काचांत आपणच दिसतो.

विक्रीवाला उत्साही होता. हा असा पेटतो, हा तसा पेटतो, ह्याला तर एक काडी पुरते.

"विझलाय हे कसं कळतं?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"पेटवायचं कसं हे सगळेच सांगतात. विझला, पूर्ण विझला, आता ह्यातून धूर येणं शक्यच नाही, असं मला शपथेवर सांगता येईल, असा कुठला आहे?"

तो मुलाकडे बघायला लागला. मुलगा म्हणाला, "आई सेफ्टीचं विचारतेय."

"हो. सेफ्टीचं," मी म्हटलं.

मग त्याने नीट विचार केला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. उघड्या जाळीचे त्याने स्वतःच बाजूला सारले. त्यात राखेखाली निखारा सकाळपर्यंत जीव धरून राहतो, म्हणाला. तीन पायांवर उभा असलेला, घुमटासारखं काळं झाकण असलेला एक पुढे ओढला. ह्याला वर एक झडप, खाली एक. दोन्ही बंद केल्या की आत हवा नाही. हवा नाही, तर निखारा नाही.

"मग झाकणाला हात लावून बघायचं, आजी. गार असला की विझला."

मी झाकण उचलून बघितलं. आत मडकं बसण्याएवढी जागा होती. राख काढायला खाली वेगळं ताट होतं. "हाच," मी म्हटलं, आणि मुलाच्या चेहऱ्यावर एवढा आनंद पसरला की मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

नातीने डोंबिवलीच्या मैत्रिणीकडून भांबुर्डा आणवला. मडकं लहान होतं, पण मडकंच. भोवती कोळसे, त्यावर झावळीचे तुकडे. ठेवायचा कुठे म्हणून वाद झाला, तेव्हा मी कोपरा दाखवला, हलणारी फरशी सोडून. धूर निघाला. झावळीचा, मग पाल्याचा, मग शेंगांचा. तोच. अगदी तोच. मी पदर नाकाला लावला आणि तिघांना वाटलं, धुराने.

"आजी, तुझं काम," नात म्हणाली, आणि तिने झाकण उचलून तांब्या माझ्या हातात दिला.

मडक्यावर चर्र झालं. शेंगा चांगल्या झाल्या होत्या, मीठ जरा कमी. मुलगा खाली मान घालून बराच वेळ खात होता. डोळे पुसून म्हणाला, धूर लागला. मी म्हटलं, लागतो.

दोन्ही झडपा मी माझ्या हाताने बंद केल्या. सकाळी राख काढून कुंड्यांत घातली, बार्बेक्यू आतून धुतला, उन्हात वाळवला, झाकण लावून कोपऱ्यात ठेवला. अंगण धुतलं. पडदे धुवायला काढले तेव्हा सून म्हणाली, "राहू द्या की, आई. किती छान वास येतोय." मी ऐकलं नाही.

मग बरेच दिवस काही आलं नाही. रोज दिवेलागणीला मी मागचं दार उघडून बसायचे. साबणाचा वास यायचा, वरच्या मजल्यावरच्या फोडणीचा यायचा, शेजारच्या इमारतीतल्या रंगकामाचा यायचा. माझी खात्री व्हायला लागली होती की एवढी बारीक गोष्ट होती, ती आपण खऱ्या धुराखाली गाडून टाकली. निरांजन लावताना काडी विझली तरी मी वळून बघायचे.

परवा आला.

घरात नात होती, आपल्या खोलीत. मी तांदूळ निवडत होते. आधी झावळीचा. मी ताट खाली ठेवलं. मग पाल्याचा. मी आतून तांब्या आणला आणि कोपऱ्यात जाऊन बार्बेक्यूच्या झाकणावर पाणी शिंपडलं. थेंब काळ्या घुमटावरून थोडे ओघळले आणि बसले. प्रत्येकात स्वयंपाकघराच्या खिडकीतला दिवा. मी वाट बघितली. थेंब तसेच. हात लावला, लोखंड थंडगार. झडपा बंद. राखेचं ताट रिकामं. पूर्ण विझलेला. शपथेवर सांगते.

धूर दाट व्हायला लागला होता. शेंगांचा वास अजून आला नव्हता.

"आजी, दार लाव गं, डास येतायत," आतून नात म्हणाली.

"लावते," मी म्हटलं, आणि पाट ओढून त्या फरशीच्या कडेला बसले. थेंब बसलेत, म्हणजे अजून व्हायचंय. गप बसायचं.