लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव

लातूरच्या डाळ मिलमध्ये मालक आणि हमालांचं बिनसलं की दोन्हीकडचे लोक आमच्या भागातल्या एका वयस्कर गृहस्थांनाच पंच म्हणून बोलावतात. ते कोणाचाच चहा घेत नाहीत. बसल्यावर आधी स्वतःचं नातं सांगतात, "मालकाची बहीण आमच्या भावकीत दिलीय. चालंल का?" दोन्हीकडून होकार आला की मगच बोलणं सुरू होतं.

यंदा वाद पोत्याच्या वजनाचा होता. निकाल लिहायला त्यांनी मला नेलं आणि सर्वांसमोर विचारलं, "यात तुझं कोणी हाय का, बाबा?"

हमालांमध्ये माझे वडील बसले होते. माझ्या शेजारी मालकाचा मुलगा होता, माझ्याच वर्गातला. मी म्हणालो, "न्हाई." वडिलांनी मान खाली घातली.

पन्नास किलोच्या वर पोतं भरायचं नाही, असा निकाल लागला. सगळ्यांच्या सह्या झाल्या. शेवटी मी पूर्ण नाव लिहिलं. त्यात मधलं नाव वडिलांचं. पंचांनी ते वाचून दाखवलं.

"ह्यो तर हमालाचाच पोरगा! आम्हाला मान्य न्हाई," मालक म्हणाले.

पंचांनी कागद फाडला. बैठक पुढच्या महिन्यावर गेली. तोवर सत्तर किलोचीच पोती.

बाहेर आल्यावर ते हळूच म्हणाले, "हाय म्हणला असतास, तरी दोघांला इचारून तुलाच लिवायला बसवलं असतं मी."