गयामायच्या पोत्यावर

आधीच सांगून टाकते, अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. खरं म्हणजे आमच्या घरात तो ठेवायची परवानगीच नव्हती. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपल्यात घालून पैनगंगेत सोडले. त्याच दिवशी भूत, भानामती, नवस, अंगात येणं सगळं सोडलं. सासर तर त्याहून कडक. कुणी लिंबू उतरवून टाकलेलं दिसलं तर माझे सासरे ते उचलून घरी आणायचे आणि सरबत करून प्यायचे. अशा घरात मी वाढले, नांदले. आणि तरीही…

माझी नात कॉलेजला आहे. तिच्या मोबाइलवर एका ग्रुपात लोक आपापले अमानवीय अनुभव लिहितात. जेवणं झाली की ती मला वाचून दाखवते. मला बहुतेक वेळा हसू येतं. एकदा म्हणाली, "आजी, तुझ्या आयुष्यात असं काहीच झालं नाही का गं?" मी म्हणाले, नाही. तोंडानं सांगायला मला लहानपणापासून जमत नाही. चार माणसं समोर असली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून हे वहीत लिहितेय. चौथी शिकलेली बाई आहे, चुका असतील. ग्रुपवर टाकायचं की नाही ते नंतर बघू.

माझं माहेर हदगाव तालुक्यात. सासर अहमदपूरच्या अलीकडं, नांदेड-लातूर रस्त्यापासून आत. गावाचं नाव लिहीत नाही, अजून माणसं आहेत. हे घडलं त्या सुमारास लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आधी कागदावर एक शिक्का मारायचा तरी उस्मानाबादला जावं लागायचं. आता लातूरला नवीन ऑफिसं निघाली आणि ह्यांना तिथं शिपायाची नोकरी लागली. वस्तीत पेढे वाटले. आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला.

गावची विहीर आटली. सरकारी टँकर यायचा आणि सगळं पाणी विहिरीत सोडायचा, मग आम्ही बायका दोर टाकून ते शेंदायचो. टँकरच्या मागं लोखंडी पाईप होता. पाणी जोरात सुटलं की तो थरथरायचा आणि विहिरीच्या दगडी कठड्यावर आपटायचा. धार धो धो पडतेय आणि मधूनमधून – टण्… टण्…

माझी पहिली मुलगी करुणा. तीन वर्षांची. तापानं फणफणली होती. टँकर आला म्हणून तिला सासूच्या मांडीवर दिलं, एक घागर घेऊन येते म्हणाले आणि गेले. विहिरीवर उभी होते, पाणी पडत होतं. घागर घेऊन घरी आले तर सासू मान वर करीना. नुसतं लेकराचं तोंड पदरानं पुसत राहिली.

मी रडले नाही. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे आमच्यातल्या दिवसांचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, घर शांत झालं… आणि मला ते पाणी ऐकू आलं. धो धो धार. मी घागर उचलून विहिरीवर गेले. टँकर नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज, दिवसातून कितीतरी वेळा. भाकरी थापताना, सरपण गोळा करताना, कधीही. टँकर नाही हे माहीत असूनसुद्धा पाय आपोआप विहिरीकडं जायचे. मी कठड्यावर वाकून आत बघायची. पहिल्यांदा बायका हसल्या. नंतर हसायच्या बंद झाल्या, ते जास्त वाईट होतं.

एका शनिवारी हे लातूरहून आले. मी चुलीपाशी होते, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. सासू दबक्या आवाजात म्हणाली, "देगलूरकडं एक माणूस हाय म्हणतेत. अंगारा देतो."

"आई, ह्या घरात ते चालायचं न्हाई."

"मग काय चालतंय ते तरी सांग बाबा! पोरगी कोरड्या हिरीत बघत हुबी राहती. एक दिवस आत जाईल, मग बस तुझा धम्म धरून."

हे म्हणाले, "लातूरात खोली बघितलीय मी. पर मी ड्यूटीवर गेलो की हिला तिथं कोन बघंल? दिवाळीपतूर बघू. न्हाई फरक पडला तर तिच्या बापाला बोलावून घेऊ, हदगावला न्हेईल. पुढचं पुढं."

पुढचं पुढं म्हणजे काय ते मला कळत होतं. वेडी म्हणून माहेरी गेलेल्या बाईला परत आणायला कुणी येत नाही. हे वाईट नव्हते, माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. पण घाबरले होते. मीसुद्धा घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी सासूनं माझ्या हातात झाडणी दिली. "विहारात जाऊन झाडून काढ. न् त्या भैरीजवळ बस. लोकाच्या नजरंला तरी पडायची न्हाईस. न् काय बोललीस तरी ती कुनाला सांगनार न्हाई!"

भैरी म्हणजे गयामाय. लहानपणी गोवरात तिचे कान गेले ते गेलेच. पांढरं लुगडं नेसायची, विहाराची देखभाल करायची. विहार म्हणजे पत्र्याची एक निळी खोली, आत छोटी मूर्ती. तिच्या बहिरेपणाबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. एकदा ती रस्त्याच्या मधून चालली होती आणि मागून एसटी. ड्रायव्हर हॉर्न मारून मारून दमला, आतले लोक शिव्या देऊन दमले. वळणावर आल्यावर हिनं मागं बघितलं आणि म्हणाली, "अगं बया, तुमी कवा आलाव?" हे अजून गावात सांगतात.

स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ती फार मोठ्यानं बोलायची. मला बघून ओरडलीच, "ये, बस! झाडायचं मीच करते. तू बस!" आणि तिच्या पोत्यावर तिनं मला जागा करून दिली.

पूर्वी एक भंतेजी, म्हणजे बौद्ध भिक्खू, पावसाळाभर वर्षावासाला आमच्या गावी राहिले होते, त्यांनी तिला ध्यान शिकवलं होतं. बहिऱ्या बाईला बोलून काय शिकवणार? त्यांनी तिच्या नाकाखाली बोट धरलं आणि स्वतःचे डोळे मिटले. एवढंच तिचं शिक्षण. तिनं मलाही तसंच शिकवलं. माझ्या नाकाखाली तिचं खरबरीत बोट, राखेचा वास असलेलं. मग डोळे मिटून माझ्या शेजारी बसली. बसणं संपलं की पाठीवर एक थाप, "जा आता घरी. उद्या ये."

मी रोज जायला लागले. पाण्याचा आवाज तिथंही यायचाच. मी उठायला लागले की ती डोळे न उघडता माझं मनगट धरायची. जोरात नाही, नुसतं धरायची. एकदा मी कानाकडं बोट दाखवून हातानं पाणी पडल्याची खूण केली. ती हसली. "माझ्या कानात कायच न्हाई, न् तुझ्या कानात एवढं! भेतीस कशाला? ये म्हनू नको, जा म्हनू नको. आलं तर बसू दे. आपन बी बसू."

हळूहळू मी तिच्याजवळ बोलायला लागले. जन्मात कुणाजवळ बोलले नाही ते. समोरच्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर बोलणं किती सोपं असतं! मान खाली घालून, जमिनीकडं बघत बोलायची, म्हणजे तिला माझे ओठही दिसायचे नाहीत. करुणाच्या खोड्या सांगितल्या. मी विहिरीवर होते आणि ती गेली, हे सांगितलं. सांगून झालं की ती मोठ्यानं विचारायची, "झालं का बोलून? मग बस." हे नेहमीचं झालं होतं. पाईपाबद्दल मात्र मी काही बोलले नव्हते. तिच्याजवळही नाही, घरातही नाही. मी सगळ्यांना फक्त पाणी ऐकू येतं एवढंच सांगितलं होतं.

पावसाळ्यात थोड्या सरी आल्या, विहिरीत थोडं पाणी साठलं, टँकर यायचा बंद झाला. माझ्या कानातला बंद झाला नाही. दिवाळी जवळ आली. त्या शनिवारी हे येणार होते आणि काय ते ठरणार होतं.

त्याच दिवशी सकाळी आम्ही दोघी पोत्यावर बसलो होतो. पाणी सुरू झालं. धो धो, टण्… टण्… दरवेळी माझं मन विहिरीवरच उभं राहायचं, पुढं सरकायचंच नाही. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, त्या आवाजातच मी मनानं घराकडं चालायला लागले. गल्ली, उंबरा, सासूची मांडी. मी खाली बसले आणि करुणाच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. थंड होतं.

आणि शेजारी गयामायनं माझं मनगट गच्च आवळलं.

मी डोळे उघडले. तिचेही उघडे होते, आणि तिनं मान एका बाजूला कलती केली होती. कान देतात तशी. तिला कधीच कुणी तशी मान कलती करताना बघितलं नव्हतं. आणि ती बोलली ते हळू. आयुष्यात पहिल्यांदा हळू.

"पानी पडलालंय गं…"

मी तिच्या समोर तोंड करून विचारलं, "कुठं, माय?"

"हितंच. आपल्या मधी." मग पुन्हा मान कलती करून म्हणाली, "न् त्यात मधीच कायतर वाजलालंय. लोखंड दगडावर वाजल्यासारखं. काय हाय गं ते?"

माझ्या अंगावर काटा आला. आताही लिहिताना येतोय. गोवरात कान गेले तेव्हा ती लहान पोर होती, तेव्हा टँकर कुठले? तिनं तो आवाज जन्मात ऐकलेला नव्हता. मला वाटलं, योगायोगानं बोलली असेल. पण तिचं बोट माझ्या मनगटावर होतं. माझ्या कानात टण् झालं की ते बोट हलायचं. पुन्हा टण्, पुन्हा बोट. एकदाही चुकलं नाही. आम्ही दोघी किती वेळ तशा ऐकत होतो मला सांगता येणार नाही.

मग ती म्हणाली, "थांबलं."

माझ्याही कानात थांबलं होतं. अगदी त्याच क्षणी. पत्र्यावर चिमण्यांची पावलं वाजत होती, ती मला कितीतरी महिन्यांनी ऐकू आली. आणि मी रडले. लेक गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, लाज सोडून रडले.

गयामायचेही डोळे वाहत होते, पण ती हसत होती. म्हणाली, "किती ग्वाड आवाज गं पान्याचा! मी तर इसरूनच गेलते."

मी नाही म्हणून मान हलवली. तिला ओठ दिसतील असं सावकाश बोलले, "माय, लई वाईट आवाज हाय तो. माझी लेक गेली तवाचा."

तिला कळायला वेळ लागला. मग तिनं माझं तोंड आपल्या पांढऱ्या पदरानं पुसलं आणि म्हणाली, "आसंल बाई. पर पानी वाईट न्हाई गं."

संध्याकाळी हे आले. मी पाण्याचा तांब्या घेऊन समोर गेले आणि म्हणाले, मी बरी आहे, मला लातूरला न्या. इतकं सरळ मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन. सासू आतून म्हणाली, "ने रे बाबा. आज रडलीया ती." दिवाळीनंतर आम्ही लातूरला गेलो. तो आवाज मला पुन्हा कधीही आला नाही.

आता याचा अर्थ काय लावायचा? माझ्या कानात वाजत होतं त्याला नातीच्या पुस्तकात नक्की काहीतरी नाव असेल. दुःखानं माणसाला असं होत असेल, मला मान्य आहे. बहिऱ्या माणसाला हातापायातून थरथर कळते, हेही खरं. माझ्या मनगटाची नाडी तिला लागत असेल, असंही मी स्वतःला सांगून बघितलं. पण नाडीतून लोखंड आणि दगड कसं कळेल? तिथं माझी अक्कल थांबते. ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कुनाला बोलू नको, लोक उद्या विहारात नारळ फोडतील." ते बरोबरच होतं. म्हणून बोलले नाही.

सणावाराला गावी गेले की मी विहारात जायची. गयामाय पोत्यावर जागा करायची आणि माझ्या कानाकडं बोट दाखवून भुवया उंचवायची… येतंय का अजून? मी मान हलवून नाही म्हणायची. "बरं झालं, बरं झालं!" ती मोठ्यानं म्हणायची. तिला खरंच आनंद व्हायचा. पण त्याच्या आधी, अगदी थोडा वेळ, तिचा चेहरा पडायचा.

ती जायच्या आधी शेवटची भेटले तेव्हाही तिनं तसंच विचारलं. मी या वेळी मान हलवली नाही. डोळे मिटले. जो आवाज जावा म्हणून मी तडफडले होते, तो एकदा यावा म्हणून तिचा हात हातात धरून बसून राहिले. विहीर आठवली, टँकर आठवला. करुणासुद्धा आठवली. पण आला नाही. बाहेर नुसता वारा होता, आणि तोही फक्त मलाच ऐकू येत होता.